वॅगनवेडे

पावणेसहा मीटर लांबी, लिटरला चार-पाचचं अ‍ॅव्हरेज आणि दोन्ही अंगांना खोट्या लाकडाची पट्टी. अमेरिकेत एकेकाळी जिच्यातून कॉलेजसमोर उतरायला पोरं लाजायची, त्या जुन्या स्टेशन वॅगनचं आज तिथे चक्क वेड आहे. त्या वेडाची ही गोष्ट.

वॅगन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती वॅगनआर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मध्ये आरामात बसणारी, साडेतीन मीटरच्या जरा पुढची, सुटसुटीत गाडी. आता तिच्या शेजारी १९७०च्या दशकातली ओल्ड्समोबिल कस्टम क्रूझर उभी करून बघा. लांबी पावणेसहा मीटरच्या पुढे, वजन सव्वादोन टनांच्या आसपास, बॉनेटखाली साडेसात लिटरचं व्ही-एट इंजिन. खांब सोडा, आपल्या सोसायटीच्या गेटातून आत वळतानाच दोन-तीनदा मागे-पुढे करावं लागेल!

आणि तरीही अमेरिकेत या गाड्या शोधत फिरणारी मंडळी आहेत. कुणी एका वॅगनसाठी दोन-तीन राज्यं ओलांडून जातो, कुणी मागच्या एका काचेसाठी वर्षभर भंगारची यार्डं पालथी घालतो. फेरारी किंवा मस्टँगसाठी वेडं होणारे सगळीकडे असतात. पण किराणा, कुत्रं आणि चार पोरं वाहायला बनवलेल्या गाडीसाठी कुणी एवढा जीव का टाकावा? उत्तर हवं असेल तर आधी या गाडीची कुंडली मांडायला लागेल.

स्टेशनबाहेरचा टांगा

‘स्टेशन वॅगन’मधलं स्टेशन म्हणजे आपलं रेल्वे स्टेशनच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आगगाडीतून उतरलेल्या पाहुण्यांना आणि त्यांच्या ट्रंकांना हॉटेलवर पोचवणाऱ्या गाड्यांना तिकडे ‘डेपो हॅक’ म्हणत. थोडक्यात, स्टेशनबाहेरचा टांगा. घोडे गेले आणि फोर्डची मॉडेल टी आली, तेव्हा सुतार मंडळींनी तिच्या सांगाड्यावर लाकडी बॉडी चढवायला सुरुवात केली. १९२९मध्ये फोर्डने स्वतःच मॉडेल ए या गाडीची स्टेशन वॅगन बाजारात आणली. तिचं लाकूड यायचं मिशिगन राज्यातल्या आयर्न माउंटनजवळच्या, फोर्डच्याच मालकीच्या जंगलांतून.

या लाकडी वॅगनना पुढे लाडाचं नाव पडलं, ‘वूडी’. दिसायला देखणी, पण सांभाळायला महाकटकट. लाकूड दरवर्षी घासून पुन्हा व्हार्निश करायचं. पाऊस-बर्फात सांधे फुगायचे, उन्हात सुटायचे, गाडी चालताना कुरकुर करायची. शिवाय कीड, बुरशी आहेच. दुसऱ्या महायुद्धानंतर पत्र्याची बॉडी स्वस्तात बनू लागली. १९४६मध्ये विलीज कंपनीने, म्हणजे जीपवाल्यांनी, संपूर्ण पत्र्याची वॅगन आणली. १९४९मध्ये प्लिमथ सबर्बन आली आणि लाकडाचे दिवस भरले. खऱ्या लाकडाची बॉडी असलेली शेवटची मोठी अमेरिकन वॅगन म्हणजे १९५३ची ब्युइक.

मजा अशी की लाकूड गेलं, पण लाकडाची हौस गेली नाही. पत्र्यावर लाकडाच्या रेषा छापलेली फिल्म चिकटवायला सुरुवात झाली. आपल्याकडे प्लायवूडच्या कपाटाला सागवानी सनमायका लावतात, तसंच. फोर्डची कंट्री स्क्वायर ही वॅगन १९५० ते १९९१ अशी चार दशकं बाजारात होती आणि त्यातला बहुतेक काळ तिने हे खोटं लाकूड अंगावर मिरवलं. आजच्या वॅगनवेड्यांना नेमकं तेच हवं असतं. फिल्म उडालेली, फाटलेली असेल तर गाडीचा भाव पडतो. खोट्या लाकडाची खरीखुरी किंमत!

पहिले वेडे: सर्फर्स

जुन्या वॅगन उचलायची ही फॅशन काही आजची नाही. १९५०च्या दशकाच्या शेवटी आणि साठच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सर्फिंगचं वारं शिरलं. सर्फर म्हणजे विशीतली पोरं, खिसा रिकामा. आणि सर्फबोर्ड तर माणसाहून लांब. सेडानमध्ये तो मावणार कसा? नेमक्या त्याच वेळी जुन्या वूडी कवडीमोल झाल्या होत्या. लाकूड कुजायला लागलेली, दरवर्षी व्हार्निश मागणारी गाडी शहाण्या गृहस्थाला नकोशी झालेली. पोरांनी त्या उचलल्या. आत बोर्ड टाकायचे, रात्री तिथेच झोपायचं, पहाटे लाटांवर. जॅन अँड डीन या जोडगोळीचं १९६३चं ‘सर्फ सिटी’ हे गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, त्यातही वूडी आहे. बापाने टाकून दिलेली गाडी पोराच्या हातात गेली आणि ‘कूल’ झाली.

आज त्याच वूडी संग्राहकांच्या गॅरेजमध्ये असतात आणि त्यांच्या किमती ऐकून सर्फर्सना घेरी येईल. सॅन डिएगोजवळच्या एन्सिनिटास गावात ‘वेव्हक्रेस्ट’ नावाचा वूडींचा मेळावा भरतो, समुद्राच्या काठावरच. लखलखीत व्हार्निशच्या गाड्या आणि टपावर बांधलेले जुने बोर्ड. टाकाऊपासून टिकाऊ म्हणतात, त्याचा याहून मोठा नमुना शोधून सापडणार नाही.

चाकांवरचं घर

वॅगनचा खरा सुवर्णकाळ मात्र पत्र्याच्या गाड्यांचा. महायुद्धानंतर अमेरिकेत मुलांची लाट आली, तोच तो ‘बेबी बूम’. शहराबाहेर बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. १९५५मध्ये डिस्नेलँड उघडलं. १९५६च्या कायद्याने देशभर इंटरस्टेट महामार्गांचं जाळं विणायला सुरुवात झाली. उन्हाळ्याची सुट्टी लागली की अख्खं कुटुंब गाडीत बसून हजारो किलोमीटर निघायचं. त्यासाठी लागणारी गाडी म्हणजे स्टेशन वॅगन.

कंपन्यांनी या डबड्यात काय काय डोकं चालवलंय ते बघा. शेव्हरोलेने १९५५मध्ये ‘नोमॅड’ आणली, दोनच दारांची, स्पोर्ट्स कारसारखी दिसणारी वॅगन. महाग होती, म्हणून तीन वर्षांत मिळून साधारण २२ हजारच बनल्या. आज ती वॅगनवेड्यांची राणी आहे. १९६४मध्ये ओल्ड्समोबिलने ‘व्हिस्टा क्रूझर’ काढली, तिच्या मागच्या अर्ध्या टपाला वर उचलून काचा बसवलेल्या. ‘दॅट सेव्हन्टीज शो’ ही सीरिज पाहिली असेल तर त्यातली मित्रमंडळी ज्या गाडीत कोंबून बसतात, ती हीच. १९६६मध्ये फोर्डने असं मागचं दार आणलं, की ते ट्रकच्या फाळक्यासारखं खालीही पडायचं आणि कपाटासारखं बाजूलाही उघडायचं.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे १९७१ ते १९७६ या काळातल्या जनरल मोटर्सच्या मोठ्या वॅगन. यांच्या मागच्या दाराला ‘क्लॅमशेल’ म्हणतात, म्हणजे शिंपला. चावी फिरवली की काच सरकत वर टपात जायची आणि खालचा फाळका सरकत फ्लोअरखाली गायब व्हायचा. मागे दार म्हणून काही उरायचंच नाही. आजच्या कुठल्याही शोमध्ये ही गाडी आली की मालकाला दहा-वीस वेळा तरी हे करून दाखवावं लागतं. मोबाइल काढून शूट करणाऱ्यांची रांगच लागते.

जागेचं माप काय, तर प्लायवूडची अख्खी शीट. तिकडेही ती आपल्यासारखीच आठ बाय चार फुटांची. ती आत सपाट मावली पाहिजे, हा मोठ्या वॅगनचा ठरलेला निकष. शिवाय तिसरी सीट. बऱ्याच गाड्यांत ती मागे तोंड करून असायची. म्हणजे आई-बाबा पुढे बघताहेत आणि पोरं मागच्या गाडीवाल्याला वाकुल्या दाखवताहेत. एका अख्ख्या अमेरिकन पिढीने आपला देश असा उलटा, दूर जाताना पाहिलाय. त्यातले अनेक जण आज साठीच्या आसपास आहेत आणि ‘तशीच’ गाडी शोधताहेत. त्यांना इंजिनाची ताकद वगैरे नंतर. आधी विचारतात, मागची सीट उलटी आहे ना?

‘आईची गाडी’

मग एवढी लाडकी गाडी गेली कुठे?

पहिला दणका १९७३च्या तेलसंकटाने दिला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्यावर चार-पाचचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी कोण पोसणार? दुसरा दणका कायद्याचा. १९७५मध्ये अमेरिकेने कंपन्यांवर सरासरी अ‍ॅव्हरेजचं बंधन घातलं. १९८५पर्यंत कारसाठी हे लक्ष्य लिटरला साधारण पावणेबारा किलोमीटरपर्यंत नेलं होतं. पण त्यात एक फट राहिली. हलक्या ट्रकना वेगळा, सैल नियम होता. स्टेशन वॅगन मोजली जायची कारमध्ये, म्हणजे प्रत्येक मोठी वॅगन कंपनीची सरासरी खाली ओढायची. तिची जागा घ्यायला आलेल्या मिनीव्हॅन आणि एसयूव्ही मात्र कागदोपत्री ‘ट्रक’ ठरल्या.

तिसरा दणका सगळ्यात जिव्हारी लागणारा. पोरांना वॅगनची लाज वाटायला लागली. १९८३च्या ‘नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन’ या सिनेमाने तर तिची पार खिल्ली उडवली. त्यातल्या बापाने मागवलेली असते वेगळीच स्पोर्टी वॅगन, गळ्यात पडते ती मटारच्या रंगाची, अंगभर खोटं लाकूड लावलेली ‘वॅगन क्वीन फॅमिली ट्रकस्टर’. ही काल्पनिक गाडी फोर्ड कंट्री स्क्वायरवरच बेतलेली होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात क्रायस्लरची मिनीव्हॅन कारखान्यातून बाहेर पडायला लागली आणि वॅगनमध्ये वाढलेल्या पोरांनी आईबाप झाल्यावर ती घेतली. त्यांच्या पोरांना मिनीव्हॅनची लाज वाटली, त्यांनी एसयूव्ही घेतली. आता ज्यांचं अख्खं बालपण एसयूव्हीत गेलंय त्यांना वाटतं, आजोबांची वॅगन काय भारी दिसते यार! आईबाबांची गाडी कधीच कूल नसते, आजी-आजोबांची असते.

शेवटचा अंक टेक्सासमधल्या आर्लिंग्टनचा. तिथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात ब्युइक रोडमास्टर आणि शेव्हरोले कॅप्रिस या शेवटच्या मोठ्या वॅगन बनत होत्या. १९९४पासून रोडमास्टरमध्ये ५.७ लिटरचं, २६० हॉर्सपॉवरचं इंजिन आलं. त्या काळच्या कॉर्व्हेट स्पोर्ट्स कारचं इंजिन याच घराण्यातलं. म्हणजे वरून आजोबा, आतून पैलवान. पण १९९६च्या अखेरीस या गाड्या बंद झाल्या आणि त्याच कारखान्यात पुढे मोठ्या एसयूव्ही बनायला लागल्या.

लाखोंनी बनल्या, मग गेल्या कुठे?

वेडाचं खरं कारण इथे आहे. वॅगन लाखोंनी बनल्या, पण टिकल्या थोड्या. कारण त्या टिकवायच्या असतात असं कुणाला वाटलंच नाही. स्पोर्ट्स कार लोकांनी कव्हर घालून गॅरेजमध्ये जपल्या. वॅगन वापरली. सिमेंटच्या गोण्या, ओला कुत्रा, सांडलेलं सरबत, बोटीचा ट्रेलर, सगळं तिनेच सोसलं. घरातून बाहेर पडली की ती पोराच्या हातात जायची, तो रॉक बँडचे ड्रम तिच्यात कोंबायचा. त्यानंतर भंगार.

काहींच्या नशिबी तर ‘डिमॉलिशन डर्बी’ आली. जत्रेत मैदान आखायचं, जुन्या गाड्या आत सोडायच्या आणि एकमेकींवर धडकवायच्या. शेवटपर्यंत जिचं इंजिन चालू ती जिंकली. रिव्हर्समध्ये धडक द्यायला लांब, दणकट पार्श्वभाग असलेली वॅगन सगळ्यात उपयोगी! त्यामुळे मोठ्या वॅगन यात ढिगाने संपल्या.

आज कुणी १९७४ची वॅगन घेऊन उभा राहतो तेव्हा लोक जमतात, ते तिच्या सौंदर्यासाठी नाही. गर्दीतला एक जण हमखास म्हणतो, ‘आमच्याकडे होती अशी.’ मग त्या गाडीतलं कोण गेलं, कोण कुठे आहे, हे सगळं निघतं. फेरारीजवळ उभं राहून ‘आमच्याकडे होती’ म्हणणारे किती भेटतील?

घ्यायचीच असेल तर

तुमच्यातले काही जण एमएस करायला टेक्सास, मिशिगन किंवा कॅलिफोर्नियात जाल. तिथे गाडीशिवाय पान हलत नाही आणि जुनी वॅगन कधीकधी स्वस्तात दिसते. मोह झालाच तर वॅगनवेडे ज्या गोष्टी आधी बघतात, त्या या:

• गंज. मिशिगन, ओहायो अशा बर्फाच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ गाडी खालून खातं. म्हणून अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिकोसारख्या कोरड्या भागातली गाडी शोधतात. मागचं कार्पेट उचलून फ्लोअर आणि स्टेपनीचा खड्डा बघायचाच. वरून चकाचक, खाली चाळण, असं सर्रास असतं.

• मागचा भाग. सोनं इथे आहे. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शनचे पार्ट सेडान आणि पिकअपला लागतात तेच. आजही सहज मिळतात. पण मागची काच, साइडची लांब काच, रबराच्या पट्ट्या, क्लॅमशेलचे गिअर-मोटर हे फक्त वॅगनचं. ते तुटलं तर दुसरी वॅगन भंगारात जाण्याची वाट बघा. त्यामुळे इंजिन बंद पण मागचा भाग शाबूत, अशी गाडी उलट परिस्थितीपेक्षा बरी.

• ठरलेली दुखणी. १९९४ ते ९६च्या रोडमास्टर-कॅप्रिसमध्ये ‘ऑप्टिस्पार्क’ नावाचा डिस्ट्रिब्युटर नेमका वॉटर पंपाच्या खाली बसवलाय. पंप गळला की पाणी थेट त्याच्यावर. पंप कधी बदलला, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायचा. जमेची बाजू म्हणजे हेच इंजिन पोलिसांच्या कॅप्रिसलाही असायचं, त्यामुळे पार्टही मिळतात आणि ते ओळखणारे मेकॅनिकही.

• कागद. आपल्या आरसी बुकासारखं तिकडे ‘टायटल’ असतं. ते विकणाऱ्याच्या नावावर आहे का, त्यावर अपघाताचा शिक्का आहे का, हे आधी. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाडीला पीयूसीसारखी स्मॉग टेस्ट लागत नाही. १९७६पासूनच्या गाडीला लागते. दिसायला जुळ्या बहिणी, पण एका वर्षाच्या फरकाने डोकेदुखी वेगळी.

आणि एक गोष्ट कुठलाही विकणारा आपण होऊन सांगणार नाही. या गाड्यांची मजा फोटोत जेवढी आहे तेवढी रोजच्या वापरात नाही. सत्तरच्या दशकातल्या वॅगनला एअरबॅग नाही, एबीएस नाही. मागच्या प्रवाशांना फक्त कमरेचा पट्टा. ती प्रसिद्ध उलटी सीट तर बरोबर अशा जागी आहे, जिथे मागून येणारी गाडी धडकते. आठवणीत रमलेले मालकसुद्धा तिथे लहान मुलांना बसवून हायवेवर जायला धजावत नाहीत. पेट्रोल आणि धुराचा हिशोब वेगळाच. रोडमास्टर हायवेवर नऊ-दहाचं अ‍ॅव्हरेज देते ते ठीक, पण साडेसात लिटरवाली लिटरला चार-पाचच. म्हणून समजूतदार वॅगनवेडे ती रविवारी काढतात आणि सोमवारी दुसऱ्या गाडीने कामाला जातात. शिकत असताना एकमेव गाडी म्हणून ही घेणं म्हणजे फीच्या पैशांत हत्ती पाळणं.

तरीही वेड कमी होत नाही, कारण यात अजून सामान्य माणसाला जागा आहे. दर ऑगस्टमध्ये डेट्रॉईटच्या ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’मध्ये हजारो जुन्या गाड्या रस्त्यावर येतात. २०१७मध्ये सुरू झालेल्या ‘रॅडवूड’ मेळाव्यांत ऐंशी-नव्वदच्या गाड्या आणि त्याच काळचे कपडे घालून आलेली तरुण मंडळी असतात. ‘ट्वेंटी फोर आवर्स ऑफ लेमन्स’ ही तर ५०० डॉलरच्या भंगार गाड्यांची रेस. तिथेही वॅगन धावतात. फाळका पाडायचा, त्यावर चार मित्रांनी बसायचं, गप्पा हाणायच्या. दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये हे कसं जमणार?

पुण्यातली वॅगन

आता जरा घराकडे. १९९२मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पुण्याच्या कारखान्यातून ‘टाटा इस्टेट’ आणली. ब्रिटिशांच्या इंग्रजीत इस्टेट म्हणजे स्टेशन वॅगनच. लांब, ऐसपैस, डिझेलवर चालणारी, अस्सल भारतीय वॅगन. तिच्या पाठोपाठ बलेनो अल्ट्युरा, सिएना वीकेंड, इंडिगो मरिना अशा आणखी काही आल्या. आपल्या लोकांना मात्र ‘पाठ लांब’ गाडी कधी फारशी पटली नाही आणि एकामागून एक सगळ्या बंद पडल्या. आज रस्त्यावर टाटा इस्टेट दिसली तर दिवस चांगला जाणार असं समजा.

आपल्याकडे जुन्या गाड्यांसाठी २०२१मध्ये केंद्राने वेगळी नोंदणी सुरू केली, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं असलेली. पण तिच्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. १९९२च्या इस्टेटला तिथे पोचायला २०४२ उजाडेल. तोवर पंधरा वर्षांनंतरचं पासिंग, न मिळणारे पार्ट आणि ‘कशाला ठेवलंय हे धूड?’ असं विचारणारे शेजारी, या सगळ्यांतून तिला काढायचं कुणी? अमेरिकेत वॅगन वाचल्या त्या कुठल्या सरकारने वाचवल्या नाहीत. भंगारवाला दारात आला असताना ‘थांब जरा’ म्हणणाऱ्या कुणीतरी वाचवल्या.

तेव्हा गावच्या घरी, काकांच्या अंगणात किंवा तुमच्याच बिल्डिंगच्या मागे कव्हरखाली एखादी गाडी वर्षानुवर्षं उभी असेल, तर या सुट्टीत ते कव्हर जरा उचलून बघा. बॅटरी उतरली असेल, टायर बसले असतील, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला असेल. तिला विकायचं की ठेवायचं, ते घरचे ठरवतील. पण आधी तिच्यासोबत सगळ्यांचा एक फोटो काढा, आरसी बुक कुठल्या कपाटात आहे ते शोधा आणि त्या गाडीतून पहिल्यांदा कोण, कुठे गेलं होतं, ते आजीला विचारा.